हलगी हवी, मोदक नकोत

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मी अजूनही खात्रीने म्हणू शकत नाही. पन्नाशी जवळ आली; आजवर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरचे शेरे सोडल्यास चार ओळी लिहिल्या नाहीत. हे धाडस वाचकांनी पोटात घालावे.

इकडे परदेशात, फोरबर्गमधले भाड्याचे सभागृह. इथल्या मराठी मंडळाचा गेल्या वर्षीचा गणपती. स्वयंपाकघरात नैवेद्याचे ताट वाढणे चालले होते. माझ्या पत्नीने उकडीच्या मोदकांचा डबा पुढे केला. मंडळातल्या एका ज्येष्ठ वहिनींनी तो घेतला आणि झाकणही न उघडता मेजाखाली सरकवला.

"नैवेद्याचं सोवळ्यातलं असतं गं. सगळं घरच्यांनीच केलंय. हे नंतर मुलांना देऊ."

मग माझ्याकडे वळून, अगदी गोड हसून म्हणाल्या, "सर, तुम्ही हलगीचं बघा ना. ते तुमच्याकडे रक्तातच आहे."

घरच्यांनी. आम्ही सभासद होतो. घरचे नव्हतो. आडनावावरून, गावावरून, हलगीवरून त्यांनी काय ते केव्हाच ओळखले होते. हातातले फडके पत्नीने नीट घडी घालून ओट्यावर ठेवले.

मी हलगी घेऊन सभागृहात गेलो. गप्प राहणे मला चांगले येते.

माझे वडील बार्शीकडच्या आमच्या गावात हलगी वाजवत. जत्रेतल्या कुस्त्या त्यांच्या हलगीवाचून लागत नसत. लोक त्यांना खांद्यावर घेऊन नाचत. जेवणाच्या पंगती उठल्या की त्यांचे पान वेगळे, भिंतीच्या कडेला. मी शिकलो. प्राचीन इतिहासात एम.ए. केले, महाविद्यालयात शिकवले, पुढे पत्नीच्या नोकरीमुळे तिच्या व्हिसावर इकडे आलो. येताना वडिलांची हलगी आणली.

आमच्या या गावाखाली एक रोमन नगर गाडलेले आहे. म्हणून त्या वर्षी मुलांचे नाटक ग्लॅडिएटरांवर होते. आधी माझे छोटे भाषण, मग माझ्या हलगीवर मुलांचा प्रवेश. हलगीसाठी मला दर वर्षी बोलावत. भाषणासाठी प्रथमच. महिनाभर मी तयारी केली होती. सभागृहात जाळ करता येत नाही, म्हणून हेअर ड्रायरने हलगी तापवली, बाजूला ठेवली आणि माइकसमोर उभा राहिलो.

मी सांगितले, ग्लॅडिएटरांची नावे लोक भिंतींवर कोरत. घरातल्या दिव्यांवर त्यांची चित्रे असत. मुले त्यांचा खेळ खेळत. त्यांच्या अंगावरचा घाम कुप्यांतून विकला जाई असेही सांगतात. त्याची मी खात्री देत नाही. पण कायद्याने तो माणूस बदनाम. नगराच्या सभेत त्याला जागा नाही. एका दात्याने गावाला दफनभूमी दिली आणि दगडावर कोरून ठेवले की, स्वतःला विकून ग्लॅडिएटर झालेल्यांना इथे पुरायचे नाही.

पुढच्या रांगेतला एक तरुण ओरडला, "म्हणजे सर, फॉलोअर्स मिलियनमध्ये, पण सोसायटीत फ्लॅट मिळणार नाही!"

हशा.

"बरोबर. तसेच," मी म्हणालो.

मला वाटले, आता तरी कुणाची मान खाली जाईल. कुणाची गेली नाही. टाळ्या पडल्या. भरपूर. त्याच वहिनींनी माइक घेतला.

"किती छान माहिती दिलीत हो सर! आता मात्र हलगी होऊन जाऊ दे!"

शिट्ट्या. वर उचललेले फोन.

मी हलगी उचलली. ती अजून गरम होती. विंगेत माझी मुलगी पुठ्ठ्याचे शिरस्त्राण घालून उभी होती, माझ्या हातांकडे पाहत. हलगी वाजली की तिने आत यायचे होते.

"नैवेद्य घरच्यांनी केलाय," मी म्हणालो. "हलगीही घरच्यांनीच वाजवावी."

"अहो सर, एवढं काय मनाला लावून घेता? मुलं खोळंबलीत!"

"आज मूड नाहीये वाटतं सरांचा!" मागून कुणीतरी म्हणाले. पुन्हा हशा.

मी खाली उतरलो. स्वयंपाकघरात जाऊन मेजाखालचा डबा काढला. मुले शेवटी कुणाच्यातरी फोनवरच्या गाण्यावर आत आली.

ट्राममध्ये पत्नीच्या मांडीवर डबा होता. मुलीला मराठी समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. "बाबा, व्हाय डिड यू स्पॉइल इट?"

आपली जात तिला आम्ही कधी सांगितली नव्हती. इथे गरज नाही, असे वाटले होते. त्या ट्राममध्ये सांगितली. आजोबांना लोक खांद्यावर घेत ते सांगितले, आणि त्यांचे भिंतीकडेचे पानही. तिने तोंड खिडकीकडे फिरवले. अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही.

परवा मंडळाचा निरोप आला: यंदा हलगी जोरात हवी, मुलीलाही शिकवा. मी कळवले, मुलीला मी शिकवणार आहे. तिची इच्छा असेल तर. हलगी आमच्या घरात वाजेल. ज्या ताटात आमचे अन्न चालत नाही, त्या ताटापुढे मी वाजवणार नाही आणि तिलाही वाजवू देणार नाही.

तुमच्या मंडळात हलगी कोण वाजवतो, आणि त्याच्या घरी तुम्ही शेवटचे कधी जेवलात?