टेम्पोला जामीन

गाडीची वाढीव गॅरंटी विकत घेऊ नका, तिच्या जागी मी आहे, असं मी माझ्या थोरल्या साडूंना आदिलाबादच्या एका दुकानात चार माणसांदेखत म्हणालो. चूक एवढीच. दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर तो हसला असता, मीही हसलो असतो, आणि समोरच्या हॉटेलात भजी खाऊन आम्ही घरी आलो असतो. पण दिलेल्या शब्दाचा आमच्या साडूभाऊंइतका पिच्छा पुरवणारा माणूस आदिलाबाद जिल्ह्यात झाला नाही, आणि हद्द ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात गेलात तरी सापडेल असं मला वाटत नाही.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बोथजवळच्या एका गावात त्यांचा थोडा कापूस, थोडी ज्वारी आणि विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला. वांगी फार सुरेख पिकवायचे, पण नाव होतं ते बैलांच्या पारखीसाठी. बैलबाजारात त्यांना हात धरून नेत. आमच्याकडच्या बैलबाजाराची एक रीत आहे. विकणारा आधी बोली करतो, म्हणजे बैल मारका नाही, औताखाली बसत नाही, पाण्याला बुजत नाही असं सगळ्यांसमोर सांगतो. मग दस्तीखाली, म्हणजे खांद्यावरच्या फडक्याखाली, हात घालून बोटांनी भाव ठरतो, आणि त्या बोलीला एक तिसरा माणूस जामीन राहतो. पुढे बैलात खोड निघाली तर घेणारा विकणाऱ्याकडे जातच नाही. बैल सरळ जामिनाच्या दारात आणून बांधतो. हा कायदा बैलांपुरता आहे हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. साडूभाऊंना नव्हतं. निर्मलला त्यांनी माझ्या मुलीसाठी लाकडी पोपट घेतला तेव्हा दुकानदाराला विचारलं, "रंग जात नाही मंता, पण जामीन कोण?" त्यानं वैतागून शेजारच्या दुकानाकडे बोट केलं. वर्षभरानं पोपटाची चोच गेली. ती मुलीनं खाल्ली होती. साडूभाऊ बसनं निर्मलला गेले आणि पोपट त्या शेजारच्या दुकानात नेऊन ठेवला. तो बिचारा कुलपं विकणारा. पण साडूभाऊंच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं चोच चिकटवून आणून दिली.

मला मुलगी द्यावी की नाही, हेही त्यांनीच ठरवलं. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला अंगणातून विहिरीपर्यंत चालायला लावलं, परत आल्यावर मुद्दाम एक विनोद सांगितला आणि मी हसलो तसे माझे दात पाहून घेतले. मग सासऱ्यांना म्हणाले, "बसका हाये, पण मारका नाही. देऊन टाका. जामीन मी." लग्नानंतर आमचं वाजलं की ही रुसून माहेरी जात नसे. सरळ बोथच्या बसमध्ये बसायची आणि साडूभाऊंच्या दारात जाऊन उभी राहायची. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन माझ्या इचोड्याच्या वह्या-पाट्यांच्या दुकानात हजर. मला एका शब्दानं रागवत नसत. नुसते गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून राहत. संध्याकाळपर्यंत माझाच जीव शरमेनं अर्धा होई.

तर या माणसाच्या छातीत एक दिवस कळ आली. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप निकामी झालीय, औत बंद, ओझं बंद, गोळ्यांवर राहायचं. साडूभाऊंनी विचारलं, "किती दिवसाची बोली करता, साहेब?" डॉक्टर म्हणाले, "वर्ष, दोन वर्षं, जास्तही. सांगता येत नाही." "मंग जामीन कोण?" डॉक्टरांनी वर बोट केलं. साडूभाऊंनी मान वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "पंखा तं बंद हाये, साहेब." डॉक्टर हसले. मीही हसलो. आक्का, म्हणजे त्यांची बायको, तिथंच होती. ती तेवढी हसली नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंच होती ती.

बैल विकावे लागले. बाजारात आपल्याच बैलांच्या खोडी मोठ्यानं सांगणारा विकणारा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "हा डावा एकटा राहत नाही. रातभर हंबरते. जोडी फोडणाऱ्यानं भावच पुसू नोका." जोडी फोडून घेणारे दोघे चांगला भाव द्यायला तयार होते, तरी साडूभाऊंनी पडत्या भावात दोन्ही बैल एकाला दिले. येताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. इचोडा येईस्तोवर मी बोललो नाही, आणि मी बोललो नाही असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत.

पुढचा विचार त्यांनी मनाशी करून ठेवला होता. एक तीनचाकी टेम्पो घ्यायचा. आपली वांगी, शेजाऱ्यांची टमाटी, जी मिळतील ती पोती इचोड्याच्या बाजारात आणायची. आपण आहोत तोवर आपण, आपल्यामागे आक्का. आणि इंग्रजी वाचणारा नातेवाईक म्हणून आदिलाबादच्या दुकानात मला सोबत नेलं.

टेम्पोची त्यांनी तासभर पारख केली. पुढून पाहिला, मागून पाहिला, बसून चाकाकडे पाहिलं, पाठीवर थाप मारली. मला वाटतं ते बैलाच्या अंगावर असतात तसे केसांचे भोवरे शोधत होते. आमच्याकडे बाजारात शेतकऱ्याला पटेलच म्हणतात; दुकानदार म्हणाला, "पटेल, पहला साल कंपनी का. थोड़ा और डालो, ऊपर से दो साल हमारा. बेफिकर सो जाओ." साडूभाऊंनी मला कागद वाचायला सांगितला. मला इंग्रजी येतं ते पाटीवरचं; कागद बारीक अक्षरांचा होता. तरी घसा साफ करून मी सांगितलं की टायर यात नाही, ब्रेक यात नाही, क्लच, केबल, दिवे, बॅटरी यातलं काही नाही. थोडक्यात, जे मोडतं ते यात नाही आणि जे यात आहे ते मोडत नाही. शिवाय गाडी बिघडली तर दुरुस्तीला इथंच, आदिलाबादलाच आणायची. "बिघडलेली गाडी चालवत?" साडूभाऊंनी विचारलं. याचं उत्तर कागदात नव्हतं.

पण ते तरीही पैसे भरायला निघाले होते. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "मी नसलो, आन् घरची बाईमाणूस एकटी आली, तं तिले बसाले खुर्ची देसान ना? तिचं आयकून घेसान ना?" दुकानदारानं हिशेबाच्या यंत्रावरून डोळे न काढता उत्तर दिलं, "वारंटी गाड़ी का है पटेल, आदमी का नहीं."

साडूभाऊ गप्प झाले. मला ती शांतता सोसली नाही. नाही तरी मला कुठलीच शांतता सोसत नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "काऊन पैसे घालून राह्यले, साडूभाऊ? कंपनीची कायले पायजे? मी हावो ना गॅरंटी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघण्याच्या कार्यक्रमात पाहिलं होतं तसंच. मग खांद्यावरची दस्ती काढली, आपल्या उजव्या हातावर पसरली आणि म्हणाले, "आणा हात." मी हसत हात घातला. त्यांनी माझी दोन बोटं दाबली, चांगली कळ येईस्तोवर दाबली. मग दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कंपनीचं वरीस सरल्यावर दोन वरसं. जामीन आमचे साडूभाऊ." दुकानात दोन ड्रायव्हर, एक चहावाला आणि टायर घ्यायला आलेला एक सरदारजी होता. सरदारजींनी माझं अभिनंदन केलं.

कंपनीचं वर्ष निवांत गेलं. साडूभाऊ टेम्पोच्या नाकावर घुंगरमाळ बांधून फिरायचे, वळताना तोंडानं बैलाला देतात तसा आवाज द्यायचे, आणि पोळ्याला त्यांनी टेम्पोच्या दिव्यांना हळदकुंकू लावून पुरणपोळी दाखवली. ज्वारी निघाल्यावर मोकळ्या शेतात त्यांनी आक्काला गाडी शिकवायला घेतली. गाव बांधावर उभं राहून हसलं. गोऱ्ह्याला शिकवतात तसंच शिकवलं त्यांनी: आधी रिकामी, मग अर्ध्या ओझ्याची, मग चिखलातून, आणि एकदाही ओरडले नाहीत. पेरणीपर्यंत आक्का बोथच्या बाजारात गाडी घेऊन जाऊ लागली आणि हसणारे आपली पोती घेऊन तिच्या दारात आले.

मग माझी दोन वर्षं सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात टेम्पो माझ्या दुकानासमोर उभा. "साडूभाऊ, तुमचा माल कुरकुर करून राह्यला." मला यंत्रातलं काही कळत नाही. सायकलची साखळी उतरली तर मी सायकल हातानं ढकलत आणतो. पण जामीन म्हटल्यावर वाकलो, दिसला तो नट पिळला, आणि कुरकुर थांबून खडखड सुरू झाली. एकदा हॉर्न वाजेना म्हणून मी दोन तारा जोडल्या, तर तो थांबेना. इचोड्यापासून बोथपर्यंत लोक मंत्र्याची गाडी समजून रस्ता सोडून उभे राहिले. दर वेळी शेवटी माझ्याच खर्चानं मिस्त्री यायचा आणि सगळ्यात आधी माझं काम उलटं करायचा. ही म्हणायची, "आपल्या कपाटांले वार्निश लावाचं राह्यलं, अन् तुमी टेम्पो पोसून राह्यले."

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की टेम्पोत फारसा बिघाड नसला तरी मला बोलावणं येतं. आरसा हलतो, या. दार लागत नाही, या. मी बसनं जायचो. साडूभाऊ बाजेवर बसलेले असायचे, दर वेळी थोडे अधिक बारीक. आक्काला हाक मारून जवळ बसवायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "पाहून ठेव. काई बी झालं तं या भाऊजीले बलावजो. काम येत नाही यायले, पण 'नाही' मनत नाहीत." माझ्या तोंडावर, मी त्यांच्याच घरचा चहा पीत असताना.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात, एका सकाळी आक्कानं टेम्पो दुकानासमोर उभा केला. इंजिन बंद केलं नाही. मागं रिकाम्या पोत्यांवर साडूभाऊ आडवे होते. "बसा मांगं," एवढंच ती म्हणाली. दुकान तसंच उघडं टाकून मी चढलो आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आक्का आदिलाबादच्या रस्त्याला लागली. ट्रकांच्या मधून ती अशी नेत होती की पोटातलं पाणी हलत नव्हतं. मी देवाचं नाव घेत होतो आणि कान इंजिनाकडे होते: आता खडखडेल, आता बंद पडेल. काही झालं नाही. एरवी रोज काही ना काही निघणारी ती गाडी त्या दिवशी पाण्यासारखी वाहत होती. गुडीहत्नूर मागं पडल्यावर साडूभाऊंनी डोळे उघडले. थोडा वेळ चाकांचा आवाज ऐकला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लय बरी चालून राह्यली गाडी." थोड्या वेळानं म्हणाले, "हे तुमचं काम दिसत नाही, साडूभाऊ."

मी हसलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात माझ्या हातात आहे आणि तो आता काही दाबत नाही. आक्काला मी सांगितलं नाही. मला सांगवलं नाही. दवाखान्याच्या दारात तिनं गाडी उभी केली, मागं वळून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

तेराव्यानंतर आठवड्याभरात ती बाजारात आली. वांगी उतरवली, भाव केला, रिकामी पोती घडी घालून ठेवली. मी दुकानातून उठून टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या चाकाला लाथ मारून पाहिली. का मारतात ते मला आजही ठाऊक नाही. दर बाजाराला मी हेच करत राहिलो. मधल्या दिवशी जमेल तसा गावाला जायचो, बाजेवर बसायचो, चहा प्यायचो, एखादा नट पिळून यायचो. मी गेल्यावर मिस्त्री येऊन जातो, हे मला माझ्या बायकोकडून कळलं.

माझी मुदत संपली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. कशासाठी, ते धड सांगता येणार नाही. आक्का अंगणात टेम्पोखाली आडवी होती. नुसते पाय दिसत होते. मी बाजेवर बसलो, घसा साफ केला, आणि पायांना उद्देशून म्हणालो, "आक्का, आज आपली गॅरंटी सरली. पण मुदत गेली मनून मी येनं बंद करीन असं समजू नोका. येत जाईन. जमन ते करत जाईन."

बराच वेळ पाना फिरल्याचा आवाज येत राहिला. मग ती सरपटत बाहेर आली. कपाळावर काळं ग्रीस होतं, जिथं आता कुंकू नव्हतं तिथंच. तिनं मनगटानं ते पुसायला पाहिलं, ते आणखी पसरलं.

"या ना," ती म्हणाली. "रोज या. चहा घ्या, जेवून जा. पन गाडीले हात लावू नोका, भाऊजी."