सवतीचा शब्द

माझ्या सवतीला मी कधी पाहिलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटो ह्यांनी आधीच कपाटात ठेवून दिलेला. म्हटलं, चला, गेलेल्या माणसाशी कसलं भांडण. पण ती बया शब्दात दडून बसली होती, ते मला काय ठाऊक.

आमच्याकडे हिवाळाभर बर्फ असतो. तो वितळून छपरावरून पाणी ठिबकायला लागलं की हे म्हणायचे, "सैली आली." मागोमाग सवतीची लेक म्हणायची, "सैली आली." ह्यांचा राग उतरला तरी सैली, लेकीचा ताप उतरला तरी सैली. मी बाहेरगावची. वाटलं, इकडे असंच म्हणत असतील. मीही म्हणायला लागले. गोड वाटायचा तो शब्द, खोटं कशाला बोलू.

एकदा लाँड्रीत ह्यांचा कोट टाकायला गेले. मी सहज म्हणाले, "यंदा सैली लवकर आली, नाही?" इस्त्रीवाल्या मावशींचा हात थांबला. "अगं, हा तर तिचा शब्द," त्या म्हणाल्या. माझी सवत त्यांच्याच शेजारच्या टेबलावर काम करायची. मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे थंडीनं फळीसारखे कडक व्हायचे. ती रोज सकाळी जाऊन एखाद्या शर्टाची बाही वाकवून बघायची. बाही सैल पडली की तिथूनच ओरडायची, सैली आली. "गावात दुसरं कुणी म्हणत नाही गं. आम्ही लाँड्रीतल्या बायका आणि तुमचं घर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी सवतीचं उष्टं चघळत होते. तरी चौकशी केल्याशिवाय राहवेना. उंच होती म्हणे, डावखुरी होती, हसली की समोरच्या दुकानात ऐकू जायचं. कॉलर मात्र हमखास जाळायची. तेवढंच जरा बरं वाटलं.

घरी येऊन सांगून टाकलं, "आजपासून या घरात बर्फ वितळतो. दुसरं काही येत नाही नि जात नाही." ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं." भांडले असते तर परवडलं असतं.

पुढच्या वर्षी पाणी ठिबकायला लागलं तेव्हा आम्ही तिघं चहा पीत होतो. कुणी चकार शब्द काढला नाही. लेक उठून अंगणात गेली. बराच वेळ येईना म्हणून बघायला गेले, तर दोरीवरच्या माझ्या स्वेटरची बाही वाकवून उभी. ओठ हलत होते. मला बघताच तिनं बाही सोडली.

"मी काही म्हटलं नाही, आई."

"वाकली का बाही?"

"वाकली."

"मग काय म्हणायचं?"

ती खाली बघत म्हणाली, "बर्फ वितळतोय."

एवढीशी पोर, आणि इतकं शहाणं उत्तर. मला ते सोसलं नाही. "तुझी आई काय म्हणायची ते म्हण," मी म्हणाले.

तिनं माझा चेहरा नीट निरखला, मग घराकडे वळून अशी हाक दिली की शेजारीण खिडकीत आली. हे धावत बाहेर आले, अनवाणी, त्या चिखलात. माझ्या हाकेला हा माणूस कधी असा धावला नव्हता. जळायचं तेवढं मी जळले. मग आत गेले आणि ह्यांचे बूट आणून ह्यांच्या पुढ्यात आपटले.