कुंपणावरचा वेल आणि मेलेल्या कोंबड्या

बंगळूरच्या वेशीवरच्या मारतहळ्ळीतल्या एका खुराड्याभोवती पडलेल्या मेलेल्या कोंबड्या मला अजून विसरता आलेल्या नाहीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा तिथं शेतं होती आणि मधेमधे नवी घरं उठत होती. ती हद्द माझ्या ठाण्याकडे होती.

सकाळची हजेरी चालू असताना गस्तीवरच्या हवालदाराचा फोन आला. "सर, लवकर या. कोंबड्यांना विष घातलं म्हणून लोक एकाला मारायला निघालेत."

पोचलो तेव्हा पुण्याहून आलेला एक तरुण संगणक अभियंता आतून कडी लावून बसला होता. दाराबाहेर जमाव. शेजारचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी कुटुंबाचं. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून तिथली बाई मराठीतच म्हणाली, "अण्णा, यानंच घातलं! कोंबड्या बागेत येतात म्हणून सगळ्यांपुढं म्हणाला होता, विष घालीन. भांडण नको म्हणून मी त्यांना कोंडून ठेवलं, तरी सोडलं नाही!"

प्रकरण कोंबड्यांपुरतं असतं तर एवढी धास्ती नव्हती. आदल्या दिवशी मलूल दिसणारी एक कोंबडी कापून, बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी कलेजीचा रस्सा केला होता. तो तिनं एकटीनंच खाल्ला. पहाटेपासून तिच्या उलट्या थांबेनात. इस्पितळातले डॉक्टर फोनवर म्हणाले, "नाडी फार मंद आहे. विष कोणतं ते आधी कळवा. अंदाजानं औषध दिलं तर आई आणि बाळ, दोघंही हातचे जातील."

अभियंत्याला ठाण्यात आणलं. त्याच्या घरात उंदरांच्या औषधाचा डबा मिळाला होता, पण त्याचं सील शाबूत होतं.

"मग धमकी का दिलीस?"

"रागात बोललो, सर. माझी सगळी रोपं उकरली होती." मग त्यानं विचारलं, "त्या ताई कशा आहेत?"

अपराधी माणूस बहुधा आधी स्वतःचं काय होणार ते विचारतो. माझा संशय डळमळला, पण डॉक्टरांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे अजून नव्हतं.

पंचनाम्यासाठी पुन्हा त्या घरी गेलो. बाईचे यजमान खुराड्यापाशी बसून लाल, सुजलेला डोळा पुसत होते.

"डोळ्याला काय झालं?"

"चीक उडाला." त्यांनी कुंपणाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. अभियंत्याच्या बागेतला जांभळट फुलांचा वेल भिंत ओलांडून यांच्या छपरावर चढला होता. "फार माजला म्हणून तोडला."

"तोडून कुठं टाकलात?"

"कोंबड्या कोंडलेल्या. हिरवं काही मिळेना त्यांना. म्हणून थोडा आत टाकला..." बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे पोरीला मीच...?"

एका शिपायाला वेलाची फांदी देऊन मोटारसायकलवरून इस्पितळात पिटाळलं, दुसऱ्याला मेलेली कोंबडी घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे. त्यांना तिच्या पोटात त्याच पानांचे तुकडे सापडले. "रबराचा वेल," ते म्हणाले. "शोभेला लावतात, मग आवरत नाही. याचं विष थेट हृदयावर जातं. मोकळी कोंबडी सहसा याला तोंड लावत नाही. कोंडलेल्या, भुकेल्या कोंबडीपुढं दुसरं हिरवं नसलं तर खाते."

ते लगेच इस्पितळात कळवलं. दुपारभर आम्ही व्हरांड्यात बसून होतो. म्हातारबाबा लेकीच्या खोलीत जायला तयार नव्हते. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नाडी सुधारतेय, बाळाचे ठोकेही नीट आहेत. तेव्हा कुठं ते उठले. पुढं तिला सुखरूप मुलगी झाली.

अभियंत्याला त्याच संध्याकाळी सोडलं. बाईंनी त्याची माफी मागितली, त्यानंही वेल मुळासकट खणून काढला. तरी थोड्याच दिवसांत त्यानं घर बदललं. दाराबाहेरचा तो जमाव त्याच्या मनातून गेला नसावा.

विष म्हटलं की माणसं आधी वैरी शोधतात, पोलीसही. त्यानंतर अशा प्रत्येक तक्रारीत मी "संशय कोणावर?" याच्या आधी "काय खाल्लं, आणि कुणी दिलं?" हे विचारत आलो. कित्येकदा उत्तर घरातल्याच, मायेनं देणाऱ्या माणसाकडे असतं. म्हणून तो प्रश्न दरडावून विचारू नये.