अठ्ठेचाळिसावी बारी

"क्रिएटिनिन साडेचार. डायलिसिस लागेल, पुण्याला हलवू," मी म्हणालो आणि अँब्युलन्स बोलावली. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने लघवीवाटे बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात साठला की किडनी बसली, असं धरतात. सोनोग्राफीत पोटात पाणीही दिसत होतं, आणि असं पाणी बऱ्याचदा दारूने होतं. तेव्हा नारायणगावात वीस वर्षं पोटं उघडणाऱ्या मी आवाज खाली आणून विचारलं, "किसनभाऊ, थोडी घेता का?"

वहिनींनी किसनभाऊंच्या गळ्यातली तुळशीची माळ बोटाने उचलून दाखवली. "डॉक्टर, ही काय शोभंला घातलीय व्हय?"

मी घाईने विषय बदलला. "दुखायला कधी लागलं?"

"काल, अठ्ठेचाळिसाव्या बारीला."

"वेळ विचारली मी."

"बारा सेकंद, सत्तावीस पॉइंट."

मला हसू आलं. किसनभाऊ बैलगाडा शर्यतीत घड्याळ धरतात. बारी म्हणजे गाड्याची एक धाव.

"हसताय काय?" वहिनी म्हणाल्या. "काल सकाळधरनं लघवीला उठले न्हाईत. आधीच प्रोस्टेटचा तरास. पण घड्याळवाला हलला की लोक म्हणत्यात, येळ फिरवली."

"दिवसभर रोखून धरलीत?"

"धरली की. त्या बारीला पोटात फटकन झालं न् घाईच गेली. लई बरं वाटलं, राव! दुखाया मागनं लागलं."

माझं हसू तिथेच थांबलं. मूत्राशय फाटलं तर लघवी पोटात सांडते. तिथून कचरा पुन्हा रक्तात शिरतो आणि धडधाकट किडनी रिपोर्टात मेलेली दिसते. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी घातली. तिच्यातून स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध सोडून सीटी काढला. औषध पोटभर पसरलं. मूत्राशयाला वरच्या अंगाला भोक होतं.

अँब्युलन्स परत पाठवली आणि त्यांना ऑपरेशनला घेतलं. पुण्याच्या वाटेवर विष भिनत गेलं असतं, तेही माझ्या सहीच्या चिठ्ठीने.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन जाग्यावर आलं. किसनभाऊंनी विचारलं, "शिवायला किती येळ लागला?"

"एक तास आणि दहा मिनिटं."

"मंग तुमचा नंबर नाय बसत."

यंदाच्या यात्रेतल्या शर्यतीला मला मानाने बोलावलं. वीस बाऱ्या झाल्या आणि स्पीकर गरजला, "गाडामालक, बैलं आवरा! घड्याळवाले मोकळं व्हायला निघाल्यात, डॉक्टरसायबांची आर्डर हाय!" शर्यतीचा सगळा घाट माझ्याकडे वळून बघू लागला. घड्याळ घेऊनच निघालेल्या किसनभाऊंबरोबर दोन माणसं गेली. घड्याळावर लक्ष नको का?

मी आता दारूचं नंतर विचारतो. आधी लघवीचं.