शेततळ्यातली लढाई

चुलतभावाच्या शेततळ्यातलं पाणी आमच्या सामाईक विहिरीचं होतं. मोटार लावून त्यानं विहीर उपसली आणि आमची मोसंबीची बाग उभी वाळली. वडील वयानं मोठे, तरी त्याच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले. गाव त्याला दादा म्हणतं. कोणी वाकलं की तो मोठेपणानं 'राहू द्या, राहू द्या' म्हणतो. वडिलांनाही तेच म्हणाला, "राहू द्या काका, पाहू." पुढं पाहिलं काहीच नाही. बागेवर कुऱ्हाड वडिलांनीच चालवली. मी असलं काही विसरत नाही.

यंदा त्याच तळ्यावर त्यानं कृषी पर्यटन काढलं. उद्घाटनाला काहीतरी भारी पाहिजे म्हणून माझ्याकडे आला, कारण मी अंबडला इतिहास शिकवतो. मी त्याला जुन्या रोममधली गंमत सांगितली. तिथले बादशहा तळं भरून त्यात जहाजांची लढाई लावत, कैदी खरोखर मरत आणि लोक बघायला गर्दी करत.

"मंग बादशहा कोण?"

"तुमच्याशिवाय कोण शोभंल?" म्हणालो. दादा हरखला आणि उद्घाटनाला तळ्यात होड्यांची लुटुपुटीची लढाई ठरवून मोकळा झाला.

अर्धी गोष्ट मी राखून ठेवली होती. एकदा कैद्यांनी 'आम्ही मरणारे तुम्हाला मुजरा करतो' म्हटलं, बादशहा सहज 'किंवा न मरणारे' बोलून गेला, आणि कैद्यांनी तीच माफी धरून लढायचं नाकारलं. ही अर्धी मी होड्यांत बसणाऱ्या गड्यांना सांगितली. त्यांच्या विहिरीही त्याच तळ्यानं आटवल्या होत्या, त्यामुळं फार समजवावं लागलं नाही.

उद्घाटनाला दादा फेटा बांधून सोफ्यावर बसला, हातात माइक. गडी होडीतून वाकले. "दादा, मरायला चाललो. रामराम."

"राहू द्या, राहू द्या," दादा सवयीनं बोलला.

गड्यांनी वल्ही खाली ठेवली. "दादाच राहू द्या म्हणले. मंग कशाला लढावं?" एकानं तंबाखू मळायला घेतली. पाहुणे खदाखदा हसायला लागले. दादा फेटा सावरत तळ्याच्या कडेनं पळाला, आधी दमदाटी, मग विनवण्या.

शेवटी तो माझ्यापुढं आला. शेजारच्या खुर्चीत वडील होते. त्यानं हात जोडले. "सर, सांगा ना यांना. पार इज्जत चालली माझी."

"राहू द्या दादा," मी म्हणालो, "पाहू."