बेटावरची पहिली माणसं आणि आमचं मंडळ

मोठी माणसं चारचौघांत काही बोलली की त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करायचं नाही. हा नियम मला शैला काकूंनी टोकियोच्या धक्क्यावर, बोटीत चढता चढता सांगितला. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "याला 'का' नसतं."

टोकियोजवळच्या आमच्या उरायासुच्या मराठी मंडळाचे किस्से मी कधी जमवायला जात नाही. ते सिंकमधल्या भांड्यांसारखे असतात. दोन दिवस दुर्लक्ष केलं की साचलेच! ही भांडी गेल्या मार्चमधल्या सहलीची.

मी पीएचडी करते. विषय आहे टोकियोच्या दक्षिणेला, भर समुद्रात असलेलं एक बेट. नाव सांगत नाही, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. दोनेक शतकांपूर्वी या ओसाड बेटावर पाच गोरे पुरुष आणि त्यांच्याबरोबर पॅसिफिकच्या बेटांवरची काही माणसं, बायकासुद्धा, उतरली आणि राहिली. जपानी लोक आले ते पुष्कळ नंतर. मी तिथे जाऊन-येऊन असते हे कळल्यावर मंडळाने ठरवलं, सहल तिकडेच. गाईड फुकट, दुभाषी फुकट!

*

बोटीला चोवीस तास लागतात. विमान नाही. मंडळाचे सेक्रेटरी देवधर काका इचिकावाला राहतात आणि ट्रेन दोन मिनिटं उशिरा आली तर स्टेशनमास्तरकडे खुलासा मागतात. त्यांनी बोटीवर चढल्याबरोबर काउंटरवर चौकशी केली, की आम्हाला एक दिवस आधी परतायचं झालं तर कुठली बोट?

काउंटरवरच्या मुलीने वाकून सांगितलं, की हीच.

आणि ही चुकली तर?

पुन्हा हीच. ती टोकियोला जाऊन परत आली की.

देवधर काका बराच वेळ डेकवर उभे होते. मी त्यांना सांगितलं की पहिल्या लोकांना तर पुढचं जहाज कधी येईल, येईल की नाही, हेही माहीत नव्हतं. काका म्हणाले, "निदान त्यांना कोणी टाइमटेबल दाखवून फसवलं नव्हतं."

*

बेटावर जंगलात शिरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासायचे आणि कपड्यांवरून चिकट रोलर फिरवायचा, असा नियम आहे. बाहेरचं एक बीसुद्धा आत जाता कामा नये. पहिल्या लोकांनी आणलेल्या बकऱ्यांनी अर्धं जंगल फस्त केलं होतं, तेव्हापासून बेटाने धसका घेतलाय.

तिथल्या गाईडने शैला काकूंच्या पर्सवरून रोलर फिरवला आणि त्याचा चेहराच बदलला. रोलरवर अकरा बारीक काळे दाणे. त्याने पर्स उघडायची परवानगी मागितली. आत मोहरी, मेथी, ओवा, आणि ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं कढीपत्त्याचं रोपटं. "इथली हवा कोकणासारखी आहे म्हणे," काकू म्हणाल्या, "म्हटलं लागलं तर लागलं."

गाईडने सगळं पिशवीत सीलबंद केलं आणि बकऱ्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी शब्द न् शब्द भाषांतर केलं.

मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर काका, म्हणजे काकूंचे यजमान, उखडले. "सई, त्याला सांग, आम्ही काय बकऱ्या आहोत का?"

मी विचारलं. गाईडने पिशवीकडे पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, की बकऱ्या बिया आणत नाहीत.

*

संध्याकाळी लॉजच्या मालकिणीने जेवण वाढलं. आमच्यासाठी भाजी-भात होताच, पण शेवटी मोठ्या कौतुकाने तिने एकेक झाकलेली वाटी ठेवली. पहिल्या रहिवाशांपासून चालत आलेला पदार्थ, म्हणाली. काकूंनी झाकण काढून मला विचारलं, काय आहे? मी सांगितलं, कासव.

देवळात गाभाऱ्यासमोर असतं ते? तेच.

काकूंनी घाईघाईने झाकण ठेवलं, डोळे मिटले आणि वाटीला मनोभावे हात जोडले.

इथे जेवणाआधी अन्नाला हात जोडायची पद्धत आहे. मालकिणीचे डोळे भरून आले. परदेशी बाईने एवढा मान दिलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिने काकूंपुढे दुसरी वाटी आणून ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी कबरस्तान पाहिलं. सुरुवातीच्या दगडांवर इंग्रजी नावं, पुढच्या पिढ्यांच्या दगडांवर जपानी. जोगळेकर काका एकेक दगड वाचत हिंडले आणि म्हणाले, "यात एक तरी आपला असणार."

मी म्हटलं, काका, कागदपत्रांत तसं काही नाही.

"अगं, त्या काळात जहाज म्हटलं की खलाशी आला, आणि खलाशी म्हटलं की रत्नागिरी आली."

देवधर काकांचं आणि त्यांचं मंडळात आधी कोण आलं यावरून वर्षानुवर्षं पटत नाही, पण यावर दोघांचं तात्काळ एकमत झालं. अर्ध्या तासात त्या खलाशाला गाव मिळालं, दोन भाऊ मिळाले, नारळाची बाग मिळाली. मी पुरावा विचारला.

जोगळेकर काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरावा शोधणं तुझं काम. पीएचडी तू करतेयस."

*

आता एमिको-सान. वय ब्याऐंशी, बंदराजवळ लिंबांची बाग. त्यांची खापरपणजी त्या पहिल्या बोटीतून आली होती. तिच्या मुलीने सांगितलेलं सगळं पुढे घरात कोणीतरी वहीत उतरवून ठेवलंय. ती वही बाहेरच्या कुणी पाहिलेली नाही. माझा प्रबंध त्या वहीवाचून म्हणजे त्याच पाच पुरुषांच्या डायऱ्यांची आणखी एक झेरॉक्स.

पहिल्या भेटीत त्यांनी मला दारातून परत पाठवलं. दुसऱ्या भेटीत लिंबं तोडायला लावली. तिसऱ्या भेटीतही लिंबंच. चौथ्यांदा चहा दिला आणि सांगितलं, की पूर्वी एक अभ्यासक आले होते, फार सज्जन, बागेत बसून फोटो काढले. मग पुस्तक आलं. त्यात खापरपणजी होती "नोकरांपैकी एक". एमिको-साननी ते पुस्तक अजून ठेवलंय. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतात.

त्यांची अट एकच होती. तो शब्द तुझ्या तोंडून आला, तर पुन्हा येऊ नकोस.

आमची सहल आलीय हे ऐकून त्यांनी स्वतःहून सांगितलं, की उद्याच्या समारंभाला मीही येते. नंतर घरी चल, वही काढून ठेवलीय.

*

समारंभ म्हणजे गावच्या छोट्या हॉलमध्ये चहा, बेटावरची पंचवीस-तीस माणसं आणि जोगळेकर काकांचं भाषण. जपानमध्ये तीस वर्षं काढूनही काकांचं जपानी नागोयाच्या कारखान्यातल्या गिअरबॉक्सपलीकडे गेलेलं नाही. त्यामुळे भाषण मराठीत, आणि शेजारी माइक घेऊन मी. भाषण आधी दाखवा म्हणून मी दोनदा मागितलं होतं. काका म्हणाले होते, ते उत्स्फूर्त आहे.

आभार झाले. हवामान झालं. समुद्र झाला. मी सांगत गेले, लोक माना डोलवत गेले. पहिल्या रांगेत एमिको-सान, हात मांडीवर, नजर माझ्यावर.

काकांनी आवाज चढवला. "पाच शूर पुरुष आपले नोकरचाकर घेऊन या ओसाड बेटावर उतरले, आणि त्यांनी इथे नंदनवन फुलवलं!"

आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी माइक खाली घेतला. "काका, हे मी जपानीत सांगणार नाही."

काका लोकांकडे बघून हसले. "शब्द अडला का?"

"शब्द येतो. म्हणूनच सांगत नाही."

काकूंनी मागून माझा कुर्ता ओढला. "सई. घरी गेल्यावर."

"घर चोवीस तासांवर आहे, काकू. त्या इथे समोर बसल्यात." माझा आवाज चढला होता, आणि मला तो उतरवायचा नव्हता. "यांची खापरपणजी कुणाची नोकर नव्हती. जमिनीत काय लावायचं ते तिला यायचं. पानांनी घर शाकारायचं तिला यायचं. तुमच्या पाच शूरांना डायरी लिहिता यायची, म्हणून त्यांची नावं राहिली. वाक्य बदला. नाहीतर हा माइक घ्या आणि यांना तुम्ही सांगा."

मी माइक पुढे केला. काकांनी तो घेतला नाही.



एमिको-सान किंचित पुढे झुकल्या आणि मला विचारलं, की ते काय म्हणाले?

मी काकांकडे पाहिलं. काकांनी देवधर काकांकडे पाहिलं, देवधर काकांनी काकूंकडे. काकू आपल्या हातातल्या कपात बघत होत्या. माइक मी अजून काकांपुढेच धरला होता.