आतोबांची पुढची भिंत

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात कुठली बाजू घेतली असेल तर ती रस्त्याची डावी, आणि तीही समोरून कापसाचा ट्रक येत असेल तरच. परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, ते मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढायचा, अडत्या डोळे वटारून उभा राहायचा, आणि मध्ये आमचे आतोबा, गप्प. माप शेतकऱ्याला कमी वाटायचं, अडत्याला जास्त वाटायचं, आणि दोघंही सारखेच नाराज झाले की आतोबांना त्या रात्री जेवण गोड लागायचं. एकदा निवडणुकीत दोन्ही उमेदवार एकाच संध्याकाळी ओट्यावर येऊन गेले. ह्यांनी दोघांना चहा पाजला आणि दोघांनाही सांगितलं, "विचार करून राह्यलो." मतदान झालं, निकाल लागला, गुलाल उधळून झाला, तरी आतोबांचा विचार चालूच होता. आत्या म्हणायची, "ह्यांना चहा पायजे का दूध म्हणून विचारलं, तर म्हणतेत, जे उरंल ते."

चारचौघांच्या नजरेत भरणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. नवा सदरा शिवून आणला की तो आधी धुवायला टाकत, वाळवत, पुन्हा धुवायला लावत, आणि त्याचं नवेपण पुरतं मेलं की मगच अंगात घालत. मोंढ्यात कुणी "नवीन का?" म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ही त्यांना धास्ती. घराच्या रंगाचंही तेच. शेजारचं घर पोपटी, समोरचं गुलाबी, आणि ह्यांचं मधलं घर कुठल्या रंगाचं आहे ते त्याच्यासमोर उभं राहूनही सांगता येऊ नये. रंगाच्या दुकानातून ते शेड कार्ड घरी आणत आणि ओट्यावर बसून त्यातल्या प्रत्येक फिकट चौकोनाचं बारसं करत. "हा ताकाचा. हा जुन्या धोतराचा. हा स्टेशनातल्या वेटिंग रूमचा." वेटिंग रूमचा रंग त्यांच्या विशेष मर्जीतला, कारण तिथं तासभर बसून आलेल्या माणसालाही भिंत कशी होती ते आठवत नाही. "रंग असा पायजे," ते मला समजावत, "की माणूस घरापुढून गेला, अन् इथं घर होतं हेच त्याच्या ध्यानात राह्यलं न्हाई पायजे." आम्ही सगळे पोट धरून हसायचो.

त्या घरानं एकदाच काय तो रंग पाहिला, मनीषाच्या लग्नात. मनीषा त्यांची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे लग्नघराच्या पुढच्या भिंतीवर पेंटर बोलावून गणपती काढतात, कलश काढतात, 'शुभविवाह' लिहितात आणि खाली नवरानवरीची नावं. इथं ती लाल ऑइलपेंटमध्ये होती, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील एवढी मोठी. आतोबा संकोचानं अर्धे झाले होते. पण येताजाता, कुणी बघत नाही असं बघून, ते ती दोन्ही नावं वाचत, हे मी पाहिलेलं आहे. नवरदेवाचं नाव मी इथं लिहीत नाही. आतोबांनी ज्या कष्टानं ते घालवलं, ते मी कशाला परत उभं करू?

दुसरी दिवाळी यायच्या आत मनीषा माहेरी निघून आली. नवरा हात उचलत होता. मग रीतीप्रमाणे बैठक बसली. सासरची मंडळी आली, त्यांचा मध्यस्थ आला, सतरंजी टाकली गेली, पोहे फिरले. मीही होतो. मनीषा आतल्या दाराआड उभी होती. सगळ्यांचं बोलून झालं आणि माना आतोबांकडे वळल्या. आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल, असं मला मनापासून वाटलं. आतोबा सतरंजीकडे बघत म्हणाले, "दोन्हीकडून थोडं थोडं कमीजास्त झालं असंल." मोंढ्यात मापावरून कुणी भांडायला उठलं की ते हेच वाक्य म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. त्या दिवशी मला त्यांचा राग आला, आणि तो पुढं पुष्कळ दिवस टिकला. मनीषानं दुपारीच बॅग भरली आणि ती सासरच्या मंडळींबरोबर परत गेली.

काही महिन्यांनी ती पुन्हा आली, एकटी, हाताला प्लास्टर घालून. परत जायची गोष्ट या वेळी कुणी काढली नाही. ती स्वयंपाक करायची, आत्याशी बोलायची, माझ्याशी बोलायची. आतोबांशी मात्र "बापू, वाढलंय" एवढंच. आतोबा मान खाली घालून जेवायचे, मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत. आणि मग एके दिवशी, लेकीला जे सांगायचं होतं ते सांगता येईना म्हणून की काय, त्यांनी घराला रंग द्यायला काढला.

आतून घर ताकाच्या रंगाचं झालं. अडलं पुढच्या भिंतीवर. रंग मारावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन नावं गुलाबी होऊन वर यावीत. पेंटर म्हणाला, "लाल ऑइलपेंट हाये, फिक्या रंगातून वर येनारच. गडद निळा मारा, न्हाई तर खरवडून काढू." गडद रंग लोकांच्या डोळ्यावर येणार, आणि खरवडायचं तर लोक गोळा होणार. आतोबांना दोन्ही नको. म्हणून मग जुन्या धोतराचा रंग झाला, त्यावर वेटिंग रूमचा झाला. नावं आपली हजर. आतोबा ओट्यावर बसून दूधवाल्याला, पोस्टमनला, बाजाराला निघालेल्या बायांना थांबवून विचारायचे, "दिसतंय का?" आणि आमच्या परतूरची माणसं भली, नावावर नजर ठेवूनच ती सांगायची, "न्हाई न्हाई, बिलकुल न्हाई." त्याच भिंतीखालचं अंगण मनीषा रोज झाडायची. तिनं मान वर केलेली मी पाहिली नाही.

आणि एका बाजाराच्या दिवशी तो मध्यस्थ पुन्हा आला. मी तिथंच होतो. "झालं गेलं सोडा," तो अंगणातूनच म्हणाला, "पोरीला पाठवून द्या." आणि भिंतीकडे बघून हसला. "हे बघा, इतके रंग दिले तरी जोडीनं नावं हायेतच. देवालाच पुसायची न्हाईत."

आतोबा उठले. मला वाटलं पाणी आणायला चालले. ते पेंटरच्या सामानातला पत्रा घेऊन आले आणि भिंतीसमोर उभं राहून त्यांनी जावयाचं नाव खरवडायला सुरुवात केली. रंग निघाला, खालचा गिलावा निघाला, बाजाराला चाललेली माणसं पिशव्या खाली ठेवून बघत उभी राहिली. आतोबांचं धोतर, मिशा, सगळं पांढरं झालं. शेवटचं अक्षर पडल्यावर ते वळले. त्यांचा आवाज एवढा मोठा असतो हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. "माझ्या लेकीचं काईच चुकलेलं न्हाई. थोडंबी न्हाई. त्या दिशी मी खोटं बोल्लो." मध्यस्थ चालता झाला. मनीषा दारात आली होती. तिनं तांब्या पुढं केला. "बापू, हात धुवा. रक्त येऊन राह्यलंय."

सगळं सुरळीत झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. मनीषा बोलू लागली, पण पहिल्यासारखी नाही. बैठकीतलं ते वाक्य तिच्या कानावर पडलं ते पडलंच. आता ती जालन्याला बियाण्यांच्या एका कंपनीत कामाला आहे, तिथंच खोली घेऊन राहते, सणावाराला रेल्वेनं येते. भिंतीवर खरवडलेल्या जागी पुन्हा गिलावा झाला, वेटिंग रूमचाच रंग लागला, आणि त्यातून एकच नाव वर आलं. ते झाकायला आतोबांनी पेंटरला परत बोलावलं नाही.

परवा गेलो तेव्हा आत्या आत झोपलेली होती आणि आतोबा भिंतीकडे तोंड करून अंगणात बसले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. ऑपरेशनचा विचार ते अजून करून राहिले आहेत. मी अंगणात शिरलो तेव्हा दूधवाल्याला त्यांनी थांबवलं होतं. "दिसतंय का?" तो बिचारा जुन्या सवयीनं म्हणाला, "न्हाई आबा, बिलकुल न्हाई," आणि गेला. आतोबा खाली बघत बसले. जरा वेळानं माझी चाहूल लागली तसं त्यांनी मलाही विचारलं.

उन्हानं भिंतीवरचा रंग पार उडाला होता. मी जवळ जाऊन पाहिलं. 'म' तेवढा होता, पुढचं काही राहिलं नव्हतं.

"दिसतंय," मी म्हणालो. "मनीषा. रस्त्यावरून वाचता येतंय."

"मंग ठीक हाये," आतोबा म्हणाले, आणि खुर्ची थोडी भिंतीजवळ सरकवून बसले.